घरांतला खर्ज

रॉक संगीत ज्यांना मुळींच रुचत नाहीं अशा वडील मंडळींच्याहि कानांवर हल्लीं एक तक्रार वारंवार येते: दुकानांत ऐकलेला नव्या स्पीकरांचा भरदार खर्ज घरीं येतांच कोठें गेला? तक्रारीपाठोपाठ आणखी मोठ्या पेट्यांसाठीं लकडा लागतो. आमच्या मतें पैसे मोजण्यापूर्वीं खोलीकडे एकवार पाहावें. दोष पुष्कळदां तिचाच असतो.

१९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं विजेवरची बास गिटार बाजारांत आणली, आणि पुढें रॉकचा सारा डोलारा अशा गिटारीवर व पायानें वाजविण्याच्या ढोलावर उभा राहिला. तिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें करते. ह्या स्वराची हवेंतील एक लहर आठ मीटरांहून थोडी लांब भरते. आपले बहुतेक दिवाणखाने तेवढे लांब नसतात. अशी लहर भिंतींवर आदळून परतते व स्वतःशींच भिडते. समोरासमोरच्या भिंतींत बारा फुटांचें अंतर असेल, तर सेकंदास सुमारें ४७ आंदोलनांचा स्वर भिंतींलगत अतिशय घुमतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ लोपतो. आपल्याकडील विटांच्या व काँक्रीटच्या भिंती खर्ज बहुतांशीं परत फेकतात. अमेरिकेंतील लांकडी सांगाड्याच्या घरांतून त्याचा बराच भाग बाहेर निसटतो. म्हणून तिकडच्या परीक्षकांचा अभिप्राय आपल्या घरास जसाच्या तसा लागू पडेलच असें नाहीं.

एका स्नेह्यांच्या घरीं आम्हीं हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. चिरंजीव खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून ‘खर्जच नाहीं’ म्हणून हळहळत होते, आणि त्याच वेळीं भिंतीला टेकलेल्या आजीबाई ‘छातींत धडधडतें, बंद करा’ म्हणून विनवीत होत्या. दोघेंहि खरेंच बोलत होतीं!

पेटीचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. स्वर एक सप्तक खालीं उतरला, कीं तेवढ्याच जोरासाठीं चौपट हवा ढकलावी लागते. पांच इंची पडद्यानें दहा इंची पडद्याचें काम करावें ही अपेक्षाच चुकीची. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, ह्या तिहींपैकीं दोनच पदरांत पडतात. १९५४ सालीं एडगर विल्चर यांनीं बंद पेटींतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटींतून खोल खर्ज काढला. त्याची किंमत मात्र अधिक विजेच्या रूपानें मोजावी लागली.

सबवूफर घेतलाच, तर एक युक्ति करावी. तो क्षणभर आपल्या बसण्याच्या जागीं ठेवून परिचित गीत लावावें आणि ओणवें होऊन भिंतीकडेनें फिरावें. जेथें प्रत्येक स्वर सारखा व सुटा ऐकूं येईल, तेथें तो कायमचा ठेवावा. नुसत्या घुमण्यास भुलूं नये. कोपऱ्यांत खर्ज वाढतो खरा, पण तेथें गिटार कोणती व ढोल कोणता हेंच कळेनासें होतें.

आमच्या स्नेह्यांनीं नव्या पेट्या घेतल्या नाहींत. चिरंजीवांची खुर्ची भिंतीकडे सरकली, आणि आजीबाई आतां खोलीच्या मध्यावर बसून निवांतपणें वाती वळतात.