आधी काय मोडेल?

गिरगावातल्या जुन्या चाळीत मुरलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर आला की त्याची नजर आधी संडास-मोरीच्या भिंतींकडे जाते. वर्षानुवर्षांच्या ओलीने तिथल्या सागवानी तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजतात, बाहेरून मात्र तुळई धडधाकट दिसते. परळ-दादरच्या काँक्रीटच्या इमारतींचे दुखणे सळईत असते. खाऱ्या हवेने सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे गळू लागतात.

या दुखण्याची तपासणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना ते कायद्याने सक्तीचे आहे. रिबाउंड हॅमर किती उसळतो, त्यावरून काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा समजतो. अल्ट्रासॉनिक लहरींच्या वेगावरून आतल्या भेगा आणि पोकळ्या कळतात. शंका उरली तर कोअर कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. शेवटी शेरा मिळतो. 'सी-१' आला की इमारत रिकामी करायची.

या चाचण्यांचा भर इमारत स्वतःचे आणि माणसांचे ओझे पेलते का, यावर असतो. भूकंप मात्र तिला आडवे ढकलतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मुंबईही हादरली होती. भूकंपरोधक बांधणीच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई भूकंपाच्या झोन ३ मध्ये आहे. हे मानक पहिल्यांदा आले १९६२ मध्ये. शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींपैकी बहुसंख्य १९४० च्या आधीच्या. आडव्या धक्क्याचा असा हिशेब त्यांच्या बांधणीत नाही.

तो हिशेब आज मांडता येतो. संगणकावर इमारतीचा सांगाडा उभारून त्यावर आडवा जोर टप्प्याटप्प्याने वाढवतात. याला 'पुशओव्हर' विश्लेषण म्हणतात. पडण्याचा दिवस त्यातून कळत नाही, मोडण्याचा क्रम कळतो. आधी बीम वाकले तर इमारत डोलते, जखमी होते, पण माणसांना बाहेर पडायला वेळ देते. आधी कॉलम मोडले तर मजल्यांची एकावर एक थप्पी लागते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र भूजजवळ होते, तरी २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, पार्किंग होते. वरचा भाग ताठ आणि तळ लवचीक, त्यामुळे सारी हालचाल तळाच्या कॉलमांवर आली. लालबाग-दादरमध्ये दुकानाचा गाळा मोठा करायला भिंत काढली की जुन्या इमारतीतही तोच धोका तयार होतो. गिरगावात इमारती खेटून उभ्या आहेत. शेजारच्या इमारतींचे मजले एका पातळीत नसतील तर एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमवर मधोमध आदळू शकतो.

म्हणून भाडेकरूंच्या आणि सोसायटीच्या सभेत ऑडिटचे काम देताना दोन प्रश्न लेखी घालावेत: आडव्या धक्क्यात आधी काय मोडेल, आणि ते भक्कम करायला काय करावे लागेल? पुनर्विकासाच्या नकाशावरही हेच विचारावे. क्षेत्रफळाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालतात. पार्किंगच्या मजल्यावरचे कॉलम आणि भिंती यांच्यासाठी एक सभा तरी राखून ठेवली पाहिजे.