‘सिस्टीम आयडल प्रोसेस’चा खरा अर्थ

संगणक रेंगाळला की अनेकजण कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर (चालू कामांची यादी) उघडतात. ‘डिटेल्स’मध्ये ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’पुढे ९५ आकडा दिसतो आणि सगळा सीपीयू (आज्ञा पार पाडणारी चिप) हीच खातेय असे वाटते. प्रत्यक्षात ही ओळ सीपीयूचा रिकामा वेळ दाखवते. जमाखर्चाच्या वहीत ‘शिल्लक’ हीही एक ओळच असते. ती मोठी दिसली म्हणून खर्च वाढला असे आपण म्हणत नाही. ९५ म्हणजे बाकी सर्व कामांना मिळून जेमतेम ५ टक्के लागत आहेत. ती ओळ बंद करायच्या खटपटीत पडू नये. विंडोज तसे करूही देत नाही. त्यापेक्षा ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कचा आकडा पाहावा. तो १०० टक्क्यांवर अडून बसला असेल, तर खोळंबा बहुधा तिथेच आहे.