घर, गोठा आणि जनावर

रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेऊ नये, असा एक जुना संकेत मराठी घरांत पाळला जातो. बोलायचेच झाले तर 'जनावर' म्हणावयाचे आणि कुणाला दंश झाला तर 'पान लागले' म्हणावयाचे. भीतीने भाषेला लावलेले हे वळण आहे. परंतु नाव टाळल्याने जनावर टळत नाही. ते कोठे राहते, काय खाते आणि घराकडे का वळते, हे समजून घेतले, तरच त्याच्या शेजारी निर्धास्तपणे राहता येते.

छत्तीसगडातील रायपूरच्या आसपासचा प्रदेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, या मुलखात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. हा मुलूख भाताचा. 'धान का कटोरा' हे त्याचे लौकिक नाव. येथील खेड्यातल्या घराची रचना ठरलेली असते. घरामागे भाजीपाल्याची 'बाडी', बाजूला गुरांचा 'कोठा', कोपऱ्यात शेणखताचा 'घुरवा' आणि भाताच्या पेंढ्याची उंच गंजी, जिला तेथे 'पैरावट' म्हणतात. घरात धान साठवलेले असते. धानासाठी उंदीर येतात आणि उंदरांसाठी साप येतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, बेडूक अंगणात येतात आणि कोरडी जागा शोधत साप पेंढ्याखाली किंवा थेट घरात शिरतो. तो वैर साधण्यासाठी येत नाही. अन्न आणि आसरा शोधत येतो.

अमेरिकेतील शेतकऱ्याच्या वाट्याला खुळखुळ्या साप येतो. शेपटीच्या टोकावरील कडक कड्या वाजवून तो बहुधा आधी इशारा देतो. हा साप भारतात नाही. परंतु आपल्याकडील सापही इशाऱ्यावाचून राहत नाहीत. नाग, ज्याला छत्तीसगडी बोलीत 'डोमी' म्हणतात, फणा उभारून फूत्कार टाकतो. घोणस वेटोळे करून कुकरची शिटी व्हावी तसा मोठा, लांबलचक आवाज काढते. कोकणात विपुल आढळणारे फुरसे अंगावरचे करवती खवले एकमेकांवर घासून खरखर करते. या प्रत्येक आवाजाचा अर्थ एकच असतो : पुढे येऊ नका.

अपवाद मण्यारीचा. हिंदी-छत्तीसगडीत तिला 'करैत' म्हणतात. काळसर निळ्या, चकाकत्या अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेला हा साप दिवसा दडून बसतो आणि रात्री हिंडतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात तो शिरतो आणि कूस बदलताना अंगाखाली सापडला की चावतो. या दंशाच्या वेदना इतक्या थोड्या की पुष्कळदा झोपही मोडत नाही. खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळणे आणि बोलणे कठीण होते, पुढे श्वासाचे स्नायू थकतात. घरच्यांना वाटते, अपचन झाले असावे. या गैरसमजात मोलाचे तास निघून जातात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर मण्यारीचा दंश झाला असावा असेच धरून चालावे.

घरातील पाळीव प्राण्यांचा या गोष्टीशी दुहेरी संबंध आहे. ते सापाचे बळी ठरतात आणि नकळत त्याला आमंत्रणही देतात. कोंबड्यांपुढे विखुरलेले दाणे, कुत्र्याच्या थाळीत रात्रभर राहिलेला भात, गोठ्यातील पेंड हे सारे उंदरांचे जेवण होय. खुराड्यातील अंडी आणि पिले तर नागाला थेटच हवी असतात. कुत्रा स्वभावाने चौकस. साप दिसला की तो भुंकत पुढे धावतो आणि दंश बहुधा त्याच्या तोंडावर किंवा पुढल्या पायांवर होतो. मांजर चपळ खरे, पण अभेद्य नव्हे. गाईबैलांना चरताना नाकपुडीवर किंवा पायावर दंश होतो. आपला कुत्रा एकाच जागी उभा राहून हट्टाने भुंकत असेल, तर काठी घेऊन धावण्यापूर्वी त्याला मागे बोलावून बांधावे. घराच्या राखणदाराची राखण करणे हे धन्याचे काम आहे.

मग दिसेल तो साप मारावा काय? 'साप साप म्हणून भुई धोपटणे' ही म्हण अशाच उतावळेपणावर बेतलेली आहे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असा समज गावोगाव आहे. वास्तविक सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढून पिण्याजोगी नाही. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. ती मारणारा शेतकरी आपल्याच कोठाराचा पहारेकरी मारतो. कवड्या साप मण्यारीसारखा दिसतो म्हणून बिचारा फुकट मरतो. उलट छत्तीसगडात ज्याला 'अहिराज' म्हणून मान देतात, तो काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा साप शांत असला तरी जहाल विषारी आहे; त्याला हाती धरण्याचे साहस कोणी करू नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. साप घरात शिरला तर मुले आणि जनावरे दूर करावी, त्याच्यावर दुरून नजर ठेवावी आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

खरा उपाय घराच्या व्यवस्थेत आहे. फिनेल, लसूण किंवा मंतरलेली माती यांनी साप अडत नाही. धान घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे. पैरावट, लाकडे आणि गोवऱ्यांचा ढीग घरापासून दूर रचावा. भिंतींची भोके आणि दाराखालच्या फटी बुजवाव्या. कुत्र्यामांजरांचे उरलेले अन्न संध्याकाळीच उचलावे आणि खुराड्याला बारीक जाळी लावावी. रात्री बाहेर पडताना हातात विजेरी आणि पायांत जोडा असावा. पेंढ्यात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे. झोपावे ते खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचून. डासांसाठी घेतलेली ही मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते; एवढे स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

एवढे करूनही पान लागलेच तर? २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला हे सरासरी ५८ हजार मृत्यू होतात. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर झाले. बैगा-गुनियाकडे झाडफुंकीत वेळ गेला की औषध असूनही उपयोगी पडत नाही. पुष्कळदा चावलेला साप बिनविषारी असतो किंवा त्याने विष सोडलेलेच नसते. तो रोगी मंत्राविनाही बरा झाला असता, पण श्रेय मंत्राला मिळते. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. अंगठ्या आणि कडी काढावी, दंशाचा अवयव हलू न देता रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर चालते. त्याची मात्रा रोग्याच्या वजनावर नव्हे, तर अंगात भिनलेल्या विषावर ठरते. म्हणून लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते. पशुवैद्य कुत्र्याला किंवा गाईला हेच औषध देतात. ते जवळ कोठे मिळते, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी.

सापाला माणसाच्या घराशी कर्तव्य नाही. त्याला हवे आहेत ते घरातील उंदीर. ते तेथे नसले, तर बांधावरचा साप बांधावरच राहील, धान कोठीत राहील आणि अंगणातील कुत्राही सुखाने झोपेल.