करारावर सही, आणि यादीतलं मूल



कवायतीसाठी मुलं उंचीप्रमाणे उभी करायची असली म्हणजे मास्तर काय करतात? दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी करतात, उंच कोण ते पाहतात आणि जागा बदलतात. मूल कुणाचं, गणितात कसं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. 'दोघांत आधी कोण?' या एकाच प्रश्नाचं उत्तर मिळत गेलं की सारी रांग लागते.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'जावा' या संगणकाच्या भाषेत अशा कराराला 'इंटरफेस' म्हणतात. कोणतं काम व्हायला हवं, ते करारात लिहिलेलं असतं. ते कसं करायचं, हे करार पत्करणाऱ्यानं ठरवायचं.

'कम्पेअरेबल' हा त्यांतला नेहमीचा करार. त्यात कलम एकच, 'कम्पेअर-टू'. मी दुसऱ्याच्या आधी येत असेन तर उत्तर ऋण, नंतर येत असेन तर धन, आणि दोघांचा क्रम एकच असेल तर शून्य.

आता 'विद्यार्थी' नावाचा साचा, म्हणजे जावातला 'क्लास', तयार करू या. त्याच्या मथळ्यात 'इम्प्लिमेंट्स कम्पेअरेबल' असं लिहिलं की करारावर सही झाली. सही करून कलम लिहायचं राहिलं, तर मजकूर तपासणारा कम्पायलर तिथंच अडवतो. मात्र कलम आहे की नाही, एवढंच तो पाहतो. ते बरोबर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. खरी जोखीम इथंच आहे.

समजा, निकालाची यादी करायची आहे. कलमात तुम्ही फक्त गुण ताडून पाहिलेत. वर्गात मुलं चाळीस, आणि त्यांतल्या दोघांनाच सारखे, ७२ गुण. नावं 'ट्रीसेट' नावाच्या संग्रहात घातलीत. हा संग्रह नावं क्रमानं ठेवतो आणि एकच गोष्ट दोनदा घेत नाही. दोन गोष्टी एकच आहेत का, हे तो कम्पेअर-टूलाच विचारतो. उत्तर येतं शून्य. झालं! दुसरं मूल आत जातच नाही. यादीत नावं एकोणचाळीस, आणि चूक झाल्याची कुठं सूचनाही नाही.

उपाय सोपा आहे. गुण सारखे निघाले तर हजेरी क्रमांक ताडून पाहा. मग शून्य येईल ते मूल स्वतःशीच ताडलं तरच.

आणखी एक सावधगिरी. दोन संख्यांची वजाबाकी करून तेच उत्तर म्हणून देऊ नका. गुणांपुरतं ते चालेल. पण जावाचा साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. वजाबाकी त्यापलीकडे गेली की चिन्हच उलटतं. त्यासाठी २०११ पासून 'इंटिजर-कम्पेअर' ही तयार सोय आहे, ती वापरा.

नावाप्रमाणे वेगळी यादी हवी असली तर साच्याला हात लावू नका. त्या क्रमाचा नियम 'कम्पॅरेटर' या दुसऱ्या कराराखाली बाहेर लिहा.

श्रोतेहो, सही तपासणं कम्पायलरचं काम. दिलेला शब्द खरा करणं आपलं. कलम लिहून झालं की सारख्या गुणांची दोन मुलं घेऊन एकदा पडताळा पाहा, आणि यादीतली नावं मोजा.