सहलीला जायचं, पण पोटाचं काय?

मुलांच्या परीक्षा संपल्या की खोपोलीच्या थीम पार्कचा बेत ठरतो. आमच्या ओळखीच्या एक ताई दोन वेळा डोकेदुखीचं निमित्त सांगून घरी राहिल्या. खरं कारण आम्हाला हळूच सांगितलं, "रांगेत असताना कळ आली तर?" त्यांना आयबीएस आहे. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, मध्येच मुरडा. तपासणीत काही सापडत नाही म्हणून घरचे म्हणतात, मनाचे खेळ. तसं नाही. मेंदू आणि आतडं यांचा मेळ बिघडतो, दुखणं खरंच असतं.

यंदा आम्ही सोबत बसून बेत केला. पूर्वी ताई सकाळपासून उपाशी राहायच्या आणि दुपारी छोले-भटुऱ्यांवर ताव मारायच्या. एकदम भरगच्च, तेलकट खाल्लं की आतडी जोरात हलतात. आता तासभर लवकर उठायचं, हलका नाश्ता, शौचाला निवांत वेळ. पुढे इडली, साधा भात, थोडं थोडं. कांदा-लसूण आणि कोल्ड्रिंक सोसत नसेल तर टाळायचं. डबा आत नेऊ देतात का, हे आधी फोन करून विचारावं.

पार्कात शिरताच शौचालयं पाहून ठेवायची. जावं लागेल म्हणून पाणी तोडणं (आपल्या बायका हमखास करतात!) उन्हात घातक. जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारूनच. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर सहल राहू द्या, आधी तपासणी.

ताई दोनदा रांग सोडून गेल्या. मुलांनी जागा धरून ठेवली होती.