पद्मिनीचे पाटे आणि दोन धक्क्यांमधला वेळ

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. खासगी पद्मिन्या मात्र शिल्लक आहेत, आणि आता तर त्यांना जास्तच मागणी आहे. रंग झाला, क्रोम चकचकीत झालं, सीटकव्हर शिवून आली, की नवा मालक गॅरेजमध्ये हमखास विचारतो: गाडी थोडी खाली बसवू का? स्प्रिंगा कडक टाकू का? गाडीचं सर्वांत जास्त नुकसान याच प्रश्नाच्या घाईघाईने दिलेल्या उत्तरातून होतं, असं माझं ठाम मत आहे.

पद्मिनीचा पाया १९५३चा. फियाटच्या ११००-१०३ या गाडीचा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्यात बनवायला घेतली. आपल्याकडे ती ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. पुढे १९६४ला ११००डी, १९७२ला प्रेसिडेंट, १९७४ला पद्मिनी. चेहरा आणि नाव बदललं, खालची मांडणी तीच राहिली: पुढे दोन आर्मच्या मध्ये कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्याला पेलणारे कमानी पाटे. वेगळी चेसिस नाहीच, सगळा भार पत्र्याच्या बॉडीवर.

या मांडणीत पुढची आणि मागची बाजू एकमेकींना सांभाळून घेतात. हे नीट मांडलं मॉरिस ओली या इंजिनिअरने. रोल्स-रॉइसमधून तो अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि १९३०च्या दशकात वजनं मागेपुढे सरकवता येतील अशी गाडी तयार करून त्याने प्रयोग केले. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात मागचा धक्का सुमारे ०.२१ सेकंद उशिरा येतो. पुढची बाजू तोवर वर-खाली होऊ लागलेली असते. मागची बाजू तिच्यापेक्षा थोडी जलद हलली तर पुढचीला गाठते, दोन्ही टोकं एका लयीत येतात आणि गाडी सपाट चालते. म्हणून पुढच्या स्प्रिंगा मऊ, मागच्या त्यामानाने कडक. उलटं केलंत तर गाडी घोड्यासारखी उधळते.

आता गाडी खाली बसवायला कॉइल कापतात तेव्हा काय होतं ते बघा. समजा स्प्रिंगला काम करणारे आठ वेढे आहेत. दोन कापले की उरलेली स्प्रिंग ३३ टक्के कडक होते, आणि पुढच्या बाजूची हलण्याची गती साधारण १५ टक्क्यांनी वाढते. चाकाला वर जायला जागाही कमी उरते. मागे हात लावलेला नसतो, त्यामुळे ओलीचं गणित तिथेच मोडतं.

मागच्या पाट्यांची कथा वेगळी. डिकीत सीएनजीची टाकी आली की मागची बाजू बसते, म्हणून एक पाटा वाढवायची पद्धत पडली. टाकी निघते, पाटा तसाच राहतो. पण अशी गाडी कडक लागण्याचं कारण पुष्कळदा पाट्यांची संख्या नसून गंज असतो. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट काढून पाट्यांचा जुडगा सोडवला की लांब पाट्याच्या पोटाशी, जिथे खालच्या आखूड पाट्याचं टोक घासतं तिथे, खोलगट चरा सापडतो. बोट फिरवलं की नखाला अडकतो. पाटा तुटायची सुरुवात इथून होते. गंजाने एकमेकांना चिकटलेले पाटे लहान खड्ड्यात हलतच नाहीत. सगळा धक्का टायर आणि बॉडी खातात. पाटे घासून साफ केले, चरा पडलेला बदलला, टोकांना ग्राफाइटचं ग्रीस लावलं, तर पुष्कळदा नवीन काही विकत न घेताच गाडी मऊ होते. हे काम आधी. त्याच वेळी पाटे ज्या हँगरला टांगलेले असतात तिथला पत्रा टोकरून बघायचा. समुद्राकाठच्या हवेत तो आतून कुजतो, आणि कुजक्या पत्र्यावर कडक पाटा टांगणं धोक्याचं आहे.

पैसे खर्च करायचेच तर शॉकअपवर करावेत. स्प्रिंग धक्का साठवते. ती साठवण जिरवतो शॉकअप. गॅस भरलेला शॉकअप लागोपाठच्या खड्ड्यांत उपयोगी पडतो, कारण दाबामुळे तेलाला फेस येत नाही. पण फार कडक शॉकअप घेऊ नये. परतीची चाल जास्त अडवली की पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आतच पुढचा धक्का येतो. गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली दबत जाते आणि शेवटी रबरी स्टॉपवर आदळते. सुमारे ९०० किलोंच्या गाडीला रेसचा शॉकअप लागत नाही. बंद आणि उघडी लांबी मूळ शॉकअपशी जुळते का, हे दुकानातच मोजून घ्या.

बुश रबराचेच ठेवा. पॉलियुरेथेनचे टिकतात, पण वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत रस्त्याचा आवाज सरळ आत आणतात. नवे रबरी बुश बसवताना बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चारही चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. किंगपिनला खेळ असेल तर कुठलंही अलाइनमेंट टिकणार नाही, तेव्हा किंगपिनचं काम अलाइनमेंटच्या आधी करून घ्या.

आणि कापाकापी नको, याला कायद्याचंही कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांहून जुन्या आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाडीला. पहिल्या पद्मिन्यांनी २०२४मध्ये पन्नाशी गाठली. शॉकअप, बुश, पाटे नट-बोल्टवर काढता-घालता येतात. दुसऱ्या गाडीचं सस्पेन्शन बसवायला पुढचा पत्रा कापला, तर त्या नोंदणीवर पाणी सोडावं लागू शकतं.