ऐच्छिक विषय : इच्छा कोणाची ?

जून महिना लागतो, शाळा उघडतात, आणि सातवी ओलांडून आठवींत गेलेला मुलगा एके दिवशीं दप्तरांतून एक लहानसा कागद घरीं घेऊन येतो. त्यावर तीन ओळी असतात : संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, किंवा दोहोंचा निम्मा निम्मा असा संयुक्त अभ्यासक्रम. यांपैकीं एकीपुढें खूण करून खालीं पालकांनीं सही करावयाची असते. महाराष्ट्रांतील अनेक मराठी शाळांतून हा प्रसंग वर्षानुवर्षें घडत आलेला आहे. वडील कागद हातीं घेतात आणि विचारतात, "गुण कशांत जास्त पडतात ?" आई विचारते, "तुझ्या वर्गांतल्या बाकीच्यांनीं काय घेतलें रे ?" मुलगा म्हणतो, "बाळू संस्कृत घेणार आहे, मग मीहि तेंच घेतों." पांच मिनिटांत सही होते आणि कागद पुन्हां दप्तरांत जातो. शाळेच्या भाषेंत अशा विषयाला 'ऐच्छिक' म्हणतात. परंतु त्या पांच मिनिटांत इच्छा नेमकी कोणाची चालली, हा प्रश्न घरांत कोणाच्या मनांत आलेला नसतो.

शाळेंतील विषयांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. मातृभाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे विषय प्रत्येकाला आवश्यक म्हणून शिकविले जातात. कारण पुढें कोणी शेतकरी होवो, वैद्य होवो कीं कारकून होवो, हिशेब करणें, वाचलेलें समजणें आणि भोवतालचें जग ओळखणें हें कोणालाच चुकत नाहीं. दुसरा वर्ग ऐच्छिक विषयांचा. त्यांत आणखी एखादी भाषा, चित्रकला, संगीत, सुतारकाम, शेती, यंत्रकाम असे विषय येतात. एकाच बांकावर बसणाऱ्या दोन मुलांची घडण सारखी नसते, ही साधी गोष्ट या दुसऱ्या वर्गाच्या मुळाशीं आहे. शिवाय ऐच्छिक विषयाचा आणखीहि एक हेतु आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शाळा येथें प्रथमच विचारते, "तुला काय हवें ?" या प्रश्नाचें विचारपूर्वक उत्तर देण्याची संवय लागणें, हा त्या विषयाइतकाच मोलाचा धडा होय.

हा प्रश्न सर्वच मुलांना विचारला जात होता असें मात्र नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या हायस्कुलांत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा म्हणून संस्कृत किंवा फारसी निवडतां येत असे. भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकण्याची मनापासून ओढ होती. तो अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मला, एवढ्याच कारणासाठीं त्याला संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला, आणि त्याला फारसी घेणें भाग पडलें. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. संस्कृताचा अभ्यास बाबासाहेबांनीं पुढें स्वतःच्या प्रयत्नानें केला. पण शाळेनें जें दार लाविलें तें शाळेनें उघडलें नाहीं. विषयांची यादी छापलेली असणें आणि ती प्रत्येक मुलासाठीं खरोखर खुली असणें, यांत केवढें अंतर असूं शकतें, हें दाखविण्यास हें एक उदाहरण पुरेसें आहे. आज तशी उघड मनाई कोणी करीत नाहीं. परंतु "आपल्यांतलीं मुलें तें घेत नाहींत" किंवा "हें तुला झेपणार नाहीं" अशा वाक्यांनीं तेंच दार हळूच लोटलें जातें, आणि तें लोटणारे हात पुष्कळदां घरचेच असतात.

मुलींच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच खरी आहे. मुलांनीं सुतारकाम घ्यावें आणि मुलींनीं शिवणकाम, अशी वांटणी अनेक शाळांतून इतकी रुळलेली होती कीं, तिला कोणी वांटणी म्हणतहि नसे. वस्तुतः सुई धरतां येणें मुलालाहि उपयोगाचें आहे, आणि विजेचा दिवा दुरुस्त करणें मुलीलाहि. आवडनिवड विचारण्यापूर्वींच अर्धी यादी पुसून टाकली, तर उरलेल्या अर्ध्या यादींतून केलेल्या निवडीला निवड म्हणणें कठीण आहे.

आतां गुणांचा प्रश्न. संस्कृतांत गुण पुष्कळ पडतात हा समज निराधार नाहीं, आणि त्याचें कारणहि समजण्यासारखें आहे. शब्द चालविणें, धातूंचीं रूपें लिहिणें, संधि सोडविणें, या प्रश्नांचें उत्तर बरोबर असतें किंवा चूक असतें. परीक्षकाच्या मर्जीला तेथें वाव थोडा. नेटानें पाठांतर करणाऱ्या मुलाला त्यांत पूर्ण गुण मिळूं शकतात. निबंधाला तसें होत नाहीं. परंतु केवळ एवढ्याचसाठीं घेतलेला विषय परीक्षेच्या मांडवांतून बाहेर पडतांच मुलाला सोडून जातो. तीन वर्षें शिकलेल्या भाषेंतील एखादें सोपें सुभाषितहि त्याला पुढें लागत नाहीं. याच्या उलट, मराठींतील असंख्य शब्दांचीं मुळें कोठें आहेत, एका धातूपासून शब्दांचें कुटुंब कसें वाढतें, याचें ज्याला कुतूहल आहे, त्याला संस्कृत जन्मभर पुरेल. हिंदीचेंहि तसेंच. ती बोलणारीं माणसें बाजारांत, आगगाडींत, कारखान्यांत रोज भेटतात. तिच्यांत प्रेमचंदांसारख्या लेखकाचें वाङ्मय आहे. आणि लिपि एकच असल्यामुळें मराठी मुलाला तें लवकर वाचतां येतें. संयुक्त अभ्यासक्रमांत दोहोंची ओळख होते, पण खोली दोहोंकडेहि कमी राहते. तिन्ही मार्ग चांगले आहेत. कोणत्या मुलासाठीं कोणता, हें मुलाकडे पाहून ठरवावयाचें असतें. गुणपत्रिकेकडे पाहून नव्हे.

पालकांच्या मनांत आणखी एक धास्ती असते : तेराव्या वर्षीं घेतलेला विषय चुकला तर जन्माचें नुकसान होईल. या धास्तीला चिंतामणराव देशमुख यांचें चरित्र हें उत्तम उत्तर आहे. कुलाबा जिल्ह्यांतील हा विद्यार्थी १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत मुंबई विद्यापीठांत पहिला आला आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यानें मिळविली. पुढें तो केंब्रिजला गेला, तो वनस्पतिशास्त्र शिकण्यास, आणि १९१७ मध्यें त्या शास्त्रांतलेंहि पारितोषिक त्यानें पटकाविलें. १९१८ मध्यें सनदी नोकरीच्या परीक्षेंत पहिला क्रमांक, १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचें गव्हर्नरपद, १९५० मध्यें भारताचें अर्थमंत्रिपद, असा त्यांचा पुढचा मार्ग होता. संस्कृतानें त्यांना वनस्पतींपासून किंवा अर्थशास्त्रापासून अडविलें नाहीं. आणि अर्थकारणाच्या व्यापांतहि संस्कृतानें त्यांना सोडलें नाहीं, कारण कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद त्यांनींच केला. देशमुखांची बुद्धि असामान्य होती, हें खरें. तरी आवडीनें शिकलेला विषय वाट अडवीत नाहीं, हें सामान्य मुलालाहि तितकेंच लागू आहे.

मात्र याला एक अपवाद आहे, आणि तो पालकांनीं नीट ओळखावा. कांहीं विषय पुढच्या जिन्याची पायरी असतात. ती गाळली तर वर चढतां येत नाहीं. गणित हा त्यांतला मुख्य होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कांहीं वर्षें महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याला नववीपासून बीजगणित-भूमितीच्या ऐवजीं 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय घेतां येत असे. गणिताला भ्यालेल्या पुष्कळ मुलांना त्यानें दिलासा दिला. पण ज्यांच्या मनांत पुढें विज्ञान शिकण्याची इच्छा उत्पन्न झाली, त्यांना ती सवलत महाग पडली. पुढें तो पर्याय बंद करण्यांत आला. म्हणून कोणताहि विषय घेतांना तो काय देतो याबरोबरच, त्याच्या बदल्यांत काय सोडावें लागतें, हें विचारणें आवश्यक आहे. भाषा बदलली तर बहुधा दार बंद होत नाहीं. गणित सोडलें तर होतें.

तर मग मुलांनीं निश्चित निवड केव्हां करावी ? या प्रश्नावर शिक्षणतज्ज्ञांतहि मतभेद होत आलेले आहेत. १९५२ मध्यें नेमलेल्या मुदलियार आयोगानें माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांसाठीं मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रविद्या, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट सुचविले, आणि हे गट एकाच छत्राखालीं शिकविणाऱ्या बहुउद्देशी शाळांची शिफारस केली. कोठारी आयोगानें १९६६ मध्यें सादर केलेल्या अहवालांत उलट असें सांगितलें कीं, पहिलीं दहा वर्षें शिक्षण सर्वांना समान असावें, फांटे त्यानंतर फुटावेत. मात्र प्रत्येकाला हातानें करावयाच्या कामाचा अनुभव मिळावा. वरवर पाहतां हीं मतें परस्परविरुद्ध वाटतात. परंतु त्यांतून एक सुज्ञ नियम काढतां येतो : चव लवकर घ्यावी, निश्चय उशिरां करावा. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतहि हाच विचार दिसतो. सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा व्यवसायांची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी, आणि त्या काळांत दहा दिवस दप्तराविना गांवांतल्या कारागिरांच्या हाताखालीं काढावेत, असें त्यांत सुचविलें आहे.

चव घेण्याचें महत्त्व एवढ्यासाठीं कीं, आवड आणि कुवत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही न करतां कळत नाहींत. तबला ऐकायला आवडणें आणि रोज तासभर तोच बोल घोटायला आवडणें यांत फरक आहे. उलट, ज्याचा हात चित्रांत चालतो असें कोणालाच ठाऊक नव्हतें, असा मुलगा एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला बसतो आणि त्याच्या स्वतःच्याहि तेव्हांच ध्यानांत येतें. प्रश्नावली भरून जें कळत नाहीं, तें महिनाभर काम करून कळतें.

हें कसें करतां येतें याचा एक नमुना पुणें जिल्ह्यांतील पाबळ या गांवीं पाहावयास मिळतो. तेथें डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानें १९८३ मध्यें विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयांत आठवी ते दहावीचीं मुलें आठवड्याचा एक दिवस हातानें काम करण्यांत घालवितात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग असून प्रत्येक मुलाला, आणि प्रत्येक मुलीलाहि, ते चारहि करावे लागतात. लोखंड जोडणें, रोपें लावणें, वीजजोडणी करणें, रक्तगट तपासणें अशीं कामें करतांना पुस्तकांतील विज्ञान मुलांच्या हातीं लागतें. गांवाच्या उपयोगाचें खरें काम तीं करतात, म्हणून तें चोख करावें लागतें. अशा वर्षानंतर मुलाला आपल्याविषयीं जें कळतें, तें कोणत्याहि भविष्यापेक्षां अधिक भरंवशाचें असतें.

प्रत्येक गांवीं अशी सोय नाहीं, हें मान्य करावयास हवें. कागदावर संगीत असतें, पण संगीताचा शिक्षक नसतो. चित्रकलेचा तास असतो, पण त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकला जातो. जेथें शिकविणारा एकच आहे, तेथें तो शिकवील तोच विषय ऐच्छिक. अशा ठिकाणीं दोष मुलाच्या निवडीचा नसून ज्यांतून निवडावें तेंच नसण्याचा आहे. तरीहि गांव रिकामें नसतें. गांवांत कुंभार असतो, भजनी मंडळांतला मृदंग वाजविणारा असतो, मोटार दुरुस्त करणारा असतो, आणि नर्सबाई असतात. शाळेनें त्यांना सन्मानानें बोलावलें, तर यादीवरील एक-दोन ओळी जिवंत होतील.

तो लहानसा कागद घरीं येईल तेव्हां सहीपूर्वीं पांच मिनिटांऐवजीं एक संध्याकाळ द्यावी, आणि तीन प्रश्न विचारावेत. पहिला मुलाला : या विषयांत तुला नेमकें काय करायला आवडेल ? "बाळूनें घेतला म्हणून" हें उत्तर आलें तर रागावूं नये, पुन्हां विचारावें. दुसरा शिक्षकांना : हा विषय घेतल्यानें किंवा सोडल्यानें पुढें कोणतें दार बंद होतें काय, आणि न जमल्यास केव्हांपर्यंत बदलतां येतो ? तिसरा प्रश्न पालकांनीं स्वतःलाच विचारावा, आणि तोच सर्वांत अवघड आहे : ही आवड मुलाची आहे, कीं आपली राहून गेलेली हौस आपण त्याच्या दप्तरांत भरीत आहोंत ?

मुलाची निवड कदाचित् चुकेल. वर्षभरानें तो म्हणेल कीं, हें मला आवडलें नाहीं. परंतु स्वतः निवडून, स्वतः चुकून, स्वतः सुधारलेलें असें एक वर्ष त्याच्या गांठीं जमा होईल. पुढें व्यवसाय, जोडीदार, राहण्याचें गांव, मत देण्याचा उमेदवार, अशा मोठ्या निवडी त्याला एकट्यानें कराव्या लागणार आहेत. त्या वेळीं कागदावर दुसऱ्या कोणाची सही चालत नाहीं. ती सही करण्याचा सराव आठवीच्या वर्गांत झालेला बरा.